काश्मीरचे फूल आणि सोलापूरची चादर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अंगावरची चादर ओढते, आणि गारठ्यात कुडकुडत आपण अभ्यंगस्नानाला उठतो. ती चादर बहुधा सोलापुरी! तिच्यावरच्या वेलबुट्टीकडे त्या घाईत कोण पाहणार? पण तिच्या विणीचा इतिहास मोठा दूरचा आहे.

इ. स. १६२० च्या वसंतात जहांगीर बादशहा काश्मीरला गेला. बर्फ वितळून डोंगरउतार फुलले होते. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तेथील शंभराहून अधिक फुले रंगवली, अशी नोंद बादशहाने आत्मचरित्रात केली आहे. मोगल कलेतले ते फुलझाड काश्मिरी शालीच्या पदरावरही उमलले. पुढे ते वाकत वाकत आपल्या ओळखीची कोयरी झाले. पेशव्यांच्या दरबारी विद्वानांचा गौरव होई तो अशाच शालजोडीने.

ही शाल विणायची कशी? एकाने 'तालीम' नावाचा सांकेतिक कागद मोठ्याने वाचायचा आणि विणकरांनी त्याबरहुकूम रंगीत धाग्यांच्या बारीक काड्या ताण्यातून ओवायच्या. एकेका शालीला महिनोन्‌महिने लागत. युरोपला तिचे वेड लागले, पण एवढा धीर कोठला? १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. तालीम वाचणाऱ्या माणसाचे काम पुठ्ठा करू लागला! स्कॉटलंडमधील पेस्ली गावात या मागावर काश्मिरी शालीच्या नकला विणल्या गेल्या. परिणाम काय? आपल्या कोयरीला जग आज 'पेस्ली' म्हणते. १८७० नंतर शालींची फॅशन ओसरली. पाठोपाठ १८७७ चा दुष्काळ आला आणि काश्मीरचे कितीतरी विणकर उपासमारीने गेले.

त्याच सुमारास आपल्याकडेही दुष्काळ होता, आणि त्याच १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तेलंगणातून पद्मशाली विणकर पोटासाठी येथे आले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ! विसाव्या शतकात त्यांच्या मागांवर तोच जॅकार्ड चढला. बायका कांड्या भरीत, पुरुष माग चालवीत. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, एकीकडचा रंग दुसरीकडे उलटा दाखवणारी सुती चादर घरोघर पोहोचली. हातमागाची जागा पुढे यंत्रमागाने घेतली.

नकलेचे संकट मात्र येथेही आलेच. बाहेर विणलेल्या स्वस्त चादरी 'सोलापुरी' म्हणून खपू लागल्या. सुदैवाने या चादरीला आता भौगोलिक मानांकन आहे. काश्मीरच्या विणकराला त्या काळी असा आधार नव्हता. त्याची कला राहिली, नाव दुसऱ्याचे झाले.

पण कायद्याचा कागद एकटा काय करणार? घेणाऱ्याचीही नजर हवी. यंदा दिवाळीला चादर घ्याल, तेव्हा ती कोठे विणली, एवढे दुकानदाराला विचाराल ना? कारागिराचे नाव टिकते ते अशा विचारण्यानेच.