उन्हाळ्यात रात्रीचे जेवण: हलके, झटपट आणि सुरक्षित

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपारचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो, काही दिवस त्याहीपुढे. स्लॅबच्या घरातले स्वयंपाकघर मग रात्री आठ वाजताही तापलेलेच असते. दिवसभर काम करून आल्यावर गॅससमोर तासभर उभे राहणे नको वाटते आणि घरातल्यांना भूकही नसते. अशा वेळी बहुतेक घरांत तीनपैकी एक गोष्ट होते: ताक-सरबतावर रात्र काढली जाते, सकाळचेच गरम करून वाढले जाते किंवा बाहेरून काहीतरी मागवले जाते.

तरुण, निरोगी माणसाचे एखाद्या दिवशी त्याने फारसे बिघडत नाही. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, रक्तदाबाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण, लहान मुले आणि घरातील वृद्ध यांना यातला प्रत्येक पर्याय महागात पडू शकतो. म्हणून अर्ध्या तासात होणारी, पोटाला जड न वाटणारी आणि तरीही पूर्ण पोषण देणारी काही जेवणे आणि ती करताना घ्यायची काळजी या लेखात पाहू.

उन्हाळ्यात भूक का मंदावते?

अन्न पचवताना शरीरात थोडी उष्णता तयार होते. बाहेर आधीच उकाडा असला की मेंदूतील भुकेचे नियंत्रण करणारे केंद्र खाणे कमी करायला सुचवते. शिवाय शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळवले जाते. त्यामुळे तेलकट, भरपेट जेवण रात्री नकोसे वाटते, पोट फुगते आणि छातीत जळजळते. यात आजार असा काही नाही. जेवण टाळण्याऐवजी त्याचे स्वरूप बदलावे, एवढेच.

ताटात काय असावे?

रात्रीच्या ताटात या चार गोष्टी आहेत का, एवढे पाहिले तरी पुरे:

• एक धान्य: ज्वारी, नाचणी, तांदूळ किंवा गहू
• एक प्रथिनांचा पदार्थ: डाळ, मोडाची कडधान्ये, दही, अंडे किंवा मासे
• एक पाणीदार भाजी: काकडी, दुधी, दोडका, पडवळ, टोमॅटो
• पातळ काहीतरी: ताक, सार, कढी किंवा पातळ आमटी

नुसते ताक किंवा नुसते कलिंगड खाऊन झोपल्यास पाणी मिळते, पण प्रथिने आणि पुरेशी ऊर्जा मिळत नाही. वृद्धांमध्ये असे आठवडाभर चालले तरी अशक्तपणा जाणवू लागतो.

सहा झटपट जेवणे (चार माणसांसाठी)

१. नाचणीची आंबील आणि मटकीची उसळ
चार मोठे चमचे नाचणीचे पीठ एक वाटी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे घाला आणि आठ-दहा मिनिटे हलवत शिजवा. कोमट झाल्यावर दोन वाट्या ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. गरम असतानाच ताक घातले तर ते फाटते. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ करा. उन्हाळ्यात मोड कच्चे खाऊ नका, शिजवूनच खा. ओलसर आणि उबदार वातावरणात मोडांबरोबर जंतूही वाढतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून हे जेवण वृद्ध आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी चांगले.

२. मूगडाळीची पातळ खिचडी आणि काकडीची कोशिंबीर
एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, हळद, जिरे आणि एक चमचा तूप. कुकरमध्ये वीस मिनिटांत होते. मधुमेह असेल तर प्रमाण बदला: अर्धी वाटी तांदूळ, दीड वाटी डाळ आणि त्यात चिरलेला दुधी किंवा दोडका. कोशिंबिरीत दाण्याचे कूट घाला, पण मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि चव येण्यासाठी पुन्हा मीठ टाकले जाते.

३. दहीभात
भात ताजा शिजवून परातीत पसरून गार करा. जेवायला बसताना दही, थोडे दूध, किसलेली काकडी, भाजलेले शेंगदाणे आणि जिरे-कढीपत्त्याची फोडणी घाला. दुपारी कालवून ओट्यावर ठेवलेला दहीभात रात्री खाऊ नका. सोबत एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर घट्ट वरण घेतले की प्रथिनांची भर पडते.

४. ज्वारीची भाकरी, झुणका आणि कांदा-टोमॅटो
भाकऱ्या सकाळी गारव्यात करून कापडात गुंडाळून ठेवल्या तर रात्रीपर्यंत चांगल्या राहतात, कारण त्यांत ओलावा कमी असतो. झुणका दहा मिनिटांत होतो आणि बेसनातून प्रथिने मिळतात. खर्डा हवाच असेल तर नखभर घ्या. रात्री पोटात आग पडणाऱ्यांनी तो दुपारीच खावा.

५. हिरव्या मुगाचे धिरडे आणि कोकमचे सार
दोन वाट्या मूग सकाळी भिजत घाला. संध्याकाळी आले, मिरची, कोथिंबीर घालून वाटा आणि लगेच धिरडी घाला. घाट उतरले की कोकण, त्यामुळे आपल्याकडे चांगली आमसुले सहज मिळतात. सात-आठ आमसुले कोमट पाण्यात भिजवून कोळून घ्या, त्यात पाणी, जिरे, कढीपत्ता आणि चवीपुरता गूळ घालून एक उकळी आणा.

६. दुधी-हरभरा डाळीची भाजी आणि चपाती
भिजवलेली हरभरा डाळ आणि दुधी कुकरमध्ये एकत्र शिजवा. चिरण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर तो दुधी पूर्ण टाकून द्या. कडू दुधीतील विषारी द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या होऊन जिवाला धोका होऊ शकतो आणि शिजवल्याने ते द्रव्य नष्ट होत नाही. कडू काकडी आणि दोडक्यालाही हाच नियम लावा.

मटण आणि रश्श्याचे काय?

कोल्हापुरात उन्हाळ्यात मटण बंद करा असे सांगून कोणी ऐकणार नाही, आणि निरोगी माणसाला तशी गरजही नाही. तीन गोष्टी पाळा. मटणाचा बेत शक्यतो दुपारी ठेवा. तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग वाटीत घेऊ नका. पांढरा रस्सा आणि सोलकढी यांत नारळाचे दूध असते आणि उकाड्यात ते लवकर नासते, म्हणून हे पदार्थ त्याच वेळी संपतील एवढेच करा.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची आपल्याकडची जुनी हौस आहे. न तापवलेल्या दुधातून आतड्याचे संसर्ग, ब्रुसेलोसिस आणि क्षयरोगाचे जंतू शरीरात जाऊ शकतात. दूध उकळूनच प्यावे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्धांनी तर कच्चे दूध पूर्ण टाळावे.

उरलेल्या अन्नाचा दोन तासांचा नियम

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यातला आपला ओटा नेमका याच पट्ट्यात येतो. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

• उरलेला भात, आमटी, उसळ उथळ भांड्यात काढून लवकर फ्रीजमध्ये ठेवा. मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास गरम राहतो.
• पुन्हा गरम करताना वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच.
• “उकळले की सगळे मरते” हे पूर्ण खरे नाही. बाहेर राहिलेल्या भातात आणि दुधाच्या पदार्थांत काही जंतू असे विष तयार करतात, जे उकळूनही जात नाही. वास आणि चव मात्र चांगली असू शकते.
• वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नका. बंद दारात अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते.

लग्नसराईत घरी आणलेला मसालेभात, बासुंदी, मठ्ठा यांनाही हाच नियम लागू आहे. तिथे ते किती वेळ बाहेर होते, हे आपल्याला माहीत नसते.

आजार असेल तर हे बदल करा

मधुमेह: हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रात्री नुसते ताक पिऊन झोपल्यास पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. उन्हाळ्यात घाम उकाड्याचा समजला जातो आणि वेळ जातो. ग्लुकोमीटर असेल तर लगेच तपासा. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसताना अशी लक्षणे दिसत असतील, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा पाहा आणि नंतर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालयात न्या. भूक सतत कमी झाली असेल तर गोळी मनाने बंद करू नका आणि तशीच चालूही ठेवू नका. डोस बदलण्यासाठी डॉक्टरांना फोन करा.

गूळ घातलेले पन्हे, कोकम सरबत आणि उसाचा रस यांनी साखर वाढते. गूळ कोल्हापुरी आणि सेंद्रिय असला तरी साखरेच्या बाबतीत फरक पडत नाही. आंबा खायचा असेल तर अर्धा, फोडी करून, दुपारी आणि त्या वेळची भाकरी किंवा भात कमी करून. आमरस-पुरी रात्री नको.

उच्च रक्तदाब: दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे. नव्या हंगामातले लोणचे, पापड, सांडगे आणि खारट मठ्ठा मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. ताक बिनमिठाचे, जिरे-कोथिंबीर घालून प्या.

मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदय कमजोर असणे: “उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या” हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तर तेच पाळा, किंवा उन्हाळ्यापुरते बदलायचे का ते विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणी, केळी आणि टोमॅटोचे सार विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांतील पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आम्लपित्त: जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. दहाला झोपत असाल तर साडेसातपर्यंत जेवा.

वृद्ध: वयानुसार तहानेची जाणीव कमी होते. आजोबांनी पाणी मागण्याची वाट पाहू नका. जेवताना ताक किंवा सार वाढा. रात्री लघवीला उठावे लागते म्हणून अनेक जण संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. त्यांना मनाई नसेल तर सकाळपासून थोडे थोडे पाणी द्या.

काही नेहमीचे प्रश्न

कांदा खाल्ल्याने ऊन लागत नाही का?
कांदा खायला हरकत नाही, पण तो खाल्ल्याने किंवा खिशात ठेवल्याने उष्माघात टळत नाही. सावली, पाणी आणि विश्रांतीनेच तो टळतो.

सब्जा, कोकम खरेच “थंड” असतात का?
त्यांनी शरीराचे तापमान उतरत नाही. मात्र त्यांच्या निमित्ताने पोटात पाणी जाते, तोच खरा फायदा.

उन्हाळी लागली तर काय करावे?
पाणी कमी पडल्याने लघवी गडद होऊन जळजळ होते. पाणी वाढवल्यावर एका दिवसात ती थांबायला हवी. थांबली नाही, थंडी-ताप आला किंवा लघवीत रक्त दिसले तर तो संसर्ग असू शकतो. लघवीची तपासणी करून घ्या.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर?
ओआरएसचे पाकीट घरात ठेवाच. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा मेटफॉर्मिन, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

• सहा-आठ तास लघवी झाली नाही
• उलट्यांमुळे पाणीही पोटात टिकत नाही
• जुलाबात रक्त आहे किंवा मूल मलूल झाले आहे
• वृद्ध व्यक्ती अचानक गोंधळलेली किंवा सुस्त दिसते
• अंग तापलेले आहे आणि बोलण्यात विसंगती आहे किंवा शुद्ध हरपते आहे. ही उष्माघाताची लक्षणे आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला.

आजच करता येण्यासारखे एक काम: घरात साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर ते रात्री नेमके किती जेवतात, हे तीन दिवस एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला तो कागद सोबत आणा. डोस ठरवताना त्याचा रिपोर्टइतकाच उपयोग होतो.