विसाव्यांची वाट

इ. स. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात कापडाची गिरणी उभारली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आदी गिरण्यांची धुराडी तिच्या जोडीस येऊन सारे शहर भोंग्याच्या हुकमतीखाली उठू-बसू लागले. रुईच्या गाठी फोडून पिंजणाऱ्या खात्यातील धूळ छातीत साचली की सुटीनंतरच्या पहिल्याच पाळीस मजुराची छाती आवळून येते, हे लँकेशायरच्या गिरण्यांतून वैद्यकाने नोंदवले आहे. त्यात विडीची तंबाखू आणि चुलीचा धूर यांची भर पडली, म्हणजे कामकरी वस्तीत धाप का लागावी याची कैफियत पुरी होते.

धाप लागणाऱ्याने स्वस्थ बसावे, हाच दीर्घकाळ सार्वत्रिक शिरस्ता होता. युरोपात क्षयरोग्यांविषयी मात्र हा वाद पूर्वीच रंगला होता : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रेमर या जर्मन वैद्याने डोंगरउतारावर रोग्यांसाठी चढत्या वाटा आखून विसाव्याकरिता बाके मांडली, तर त्याचाच शिष्य डेटवायलर याने रोग्यांना व्हरांड्यात निजवून ठेवले, आणि पुढे बहुतेक आरोग्यधामांत शिष्याचेच मत प्रस्थापित झाले. जुनाट फुप्फुसविकाराच्या बाबतीत १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील बराख यांनी प्राणवायूच्या आधाराने रोग्यांना चालविले. रोगी किती चालू शकतो हे मोजण्यासाठी पुढे धावण्याच्या बारा मिनिटांच्या कसोटीवरून १९७६ मध्ये इंग्रज वैद्यांनी चालण्याची कसोटी बेतली, १९८२ मध्ये ती सहा मिनिटांवर आली आणि २००२ मध्ये अमेरिकेतील वक्षरोग संस्थेने तिचे नियम जारी केले.

चालविण्याच्या या उपचाराने फुप्फुस दुरुस्त होत नाही. बसून राहिल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंत थोड्याशा श्रमाने आम्ल साचते, त्यामुळे श्वास वाढतो आणि श्वास वाढला म्हणून माणूस अधिकच बसतो. सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, देखरेखीखाली बेताबेताने चालविल्यास हे चक्र उलट फिरते आणि तीच वाट कमी दमात सरते.

सोलापूरकराला या रीतीत परके असे काय आहे? संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात ती प्रत्येक लिंगापाशी थांबत थांबत. आणि याच जिल्ह्यातून पंढरीस जाणारी पालखी विसावा व मुक्काम अशा हिशेबानेच वाट कापते. कसोटीतही दमलेल्याने भिंतीला टेकावे, श्वास जुळला की पुन्हा निघावे, अशी मुभा आहे.

या कसोटीला साहित्य तरी किती लागते? तीस मीटर सपाट वाट, दोन खुणा, एक खुर्ची, एक घड्याळ, नाडी व प्राणवायू पाहण्याचे बोटाचे यंत्र आणि शेजारी एक जाणता माणूस. तालुक्याच्या दवाखान्यालाही एवढी ओसरी असते. तेव्हा धापेच्या औषधाची चिठ्ठी लिहिताना तिच्याखाली चालण्याचा हुकूमही लिहिला जावा, आणि तो तामील झाला की नाही हे पुढच्या खेपेस पावले मोजून पाहिले जावे.