अमेरिका किती लांब?

बोनकोडे गावातून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि गटातल्या एका काकूंनी विचारलं, "नात न्यूयॉर्कला निघालीये शिकायला. किती लांब गं ते?" आम्ही मोबाइलवर बघून सांगितलं, मुंबईहून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने पंधरा-सोळा तास. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, तो विमानाला मागून ढकलतो. काकू म्हणाल्या, "मग मला एवढं लांब का वाटतंय?"

तेव्हा आम्हाला आपल्या शेजारच्या कल्याणची लेक आठवली, आनंदीबाई जोशी. जन्म 1865 चा. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. तेव्हा बायकांना तपासायला बाई डॉक्टर नसायची आणि पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायचा संकोच. म्हणून आनंदीबाईंनी स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं.

7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही. 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. बोटं मोजून बघा, अठ्ठावन्न दिवस! 11 मार्च 1886 ला त्यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. पण परतल्या त्या क्षयाने खंगून. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पुढे वाट आखूड होत गेली. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. 1960 पासून जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. दोन महिन्यांची वाट दीड दिवसाच्या आत आली.

आता तर विमानतळ आपल्याच अंगणात आलाय. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी पनवेल-उलव्याकडच्या गावांनी घरं आणि शेतं सोडली. त्याआधी 1970 पासून सिडकोच्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या जमिनी गेल्याच होत्या. भातखाचरं आणि मिठागरं आपल्या आज्यांनी पाहिली, आपण इमारती पाहतोय.

आम्ही काकूंना म्हटलं, वाट तासांची झाली, पण उंबरठा तेवढाच उंच आहे. आजही कितीतरी घरांत पोरीला ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या कॉलेजात पाठवायलाही दहा जणांना विचारावं लागतं. जमीन आपली गेली, तर त्या विमानात आपल्याही लेकी बसायला हव्यात ना?

काकू काही बोलल्या नाहीत. निघताना पासबुक पुढे केलं आणि म्हणाल्या, "बघ गं, कर्ज किती मिळतं ते."