बुन्ना आणि शेजारधर्म

परंपरा हा शब्द उच्चारला की जे परंपरेचे ते फार जुने, आणि जे जुने ते प्रारंभापासून असेच, असे आपण धरून चालतो. या समजुतीस छेद देणारे एक उदाहरण आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. ते इथिओपियातील कॉफीपानाचे होय. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याच देशात जन्मला होता, आणि आपल्या तोंडचा ‘हबशी’ हा शब्दही या देशाच्या जुन्या नावावरूनच आलेला आहे.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांतले. तेथे कॉफीला ‘बुन्ना’ म्हणतात. अरबीतील ‘बुन्न’ आणि जुन्या मराठीतला ‘बुंद’ हे याच घराण्यातले शब्द. बकऱ्यांनी कॉफीची फळे खाल्ली आणि त्या बागडू लागल्या, ही कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. पण ती १६७१ साली रोम येथे छापलेल्या ग्रंथातून पसरली. इतिहासाचा भार तिच्यावर टाकता येत नाही. निश्चित सांगता येते ते असे की, पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत जाग राहावी म्हणून कॉफी घेत. इकडे इथिओपियाच्या दक्षिणेकडील ओरोमो लोकांत कॉफीची फळे लोण्यात परतून खाण्याचा जुना विधी आहे.

नवल असे की, ज्या देशात हे झाड उगवले, त्याच देशातील ख्रिस्ती समाजाला कॉफी वर्ज्य होती. ती मुसलमानांची आणि ओरोमोंच्या जुन्या धर्माची वस्तू, म्हणून ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने तिचा निषेध केला होता. हातातला पेला पाहून माणसाचा धर्म ओळखावा, अशी ती स्थिती होती.

हा निर्बंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढिला पडला. शोआचा राजा आणि १८८९ पासून सम्राट झालेला दुसरा मेनेलिक स्वतः कॉफी पिऊ लागला. धर्मप्रमुख अबुना मातेवोस यांनीही हे पेय मुसलमानांचेच आहे हा समज दूर करण्यास हातभार लावला. याच मेनेलिकने १८८७ साली हरार आणि १८९७ साली काफा हे कॉफीचे मुलूख जिंकले. राजाची आवड आणि राज्याचा लाभ एकाच वाटेने चालले. मात्र काफाचा शेवटचा राजा याच वेळी कैद झाला, हेही आपण विसरता कामा नये.

आज घरोघरी दिसणारा विधी असा. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, धूप जाळतात. घरची स्त्री हिरवट बिया धुऊन निखाऱ्यांवरील तव्यात भाजते आणि त्यांचा दरवळ पाहुण्यांपुढे फिरवते. मग बिया कांडून ‘जबना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि बिनकानाच्या लहान पेल्यांतून कॉफी देतात. सोबत लाह्या, भाजलेले जव किंवा पाव असतो. असे तीन फेर होतात. पहिल्याचे नाव ‘अबोल’, पण नाव अबोल असले तरी गप्पांना तोंड फुटते ते याच फेरात! दुसरा ‘तोना’ आणि तिसरा ‘बरका’. हा बरका म्हणजे आपल्या ‘बरकत’ शब्दाचा सख्खा भाऊ.

या बैठकीत शेजारणी जमतात. लग्नाची बोलणी होतात, भांडणे मिटतात, कोणाच्या घरी आजार आहे ते कळते. मृत्यू झालेल्या घरीही शेजारी बुन्ना घेऊन बसतात. ‘माझ्याबरोबर बुन्ना प्यायला कोणी नाही’ असे तेथे म्हटले, की त्याचा अर्थ मला मित्र नाही असा होतो. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे निम्मी देशातच प्यायली जाते, ती काय उगाच? मात्र या आतिथ्याचे सारे कष्ट घरच्या बायकामुलींवर पडतात, हेही सांगितले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इथिओपियात ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेल्या पशूचे मांस रूढीने खात नाहीत. मेजवानीत पंक्ती वेगळ्या पडतात. पण बुन्नाचा पेला दोघांना एकत्र घेता येतो. ज्या पेयाने एकेकाळी शेजाऱ्याला परका ठरवले, तेच आज त्याला घरात बोलावते, आणि ख्रिस्ती गृहिणी तिसरा पेला भरते तोही अरबी शब्दाने आशीर्वाद देऊन. हा पालट होऊन दीडशे वर्षेही धड झाली नाहीत. तेव्हा रूढी बदलता येत नाहीत, असे कोणी आपल्याला सांगू लागला, तर त्याला या तिसऱ्या पेल्याची हकीकत अवश्य सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.