शंका एकावर की सगळ्या जमातीवर? कोकणातल्या यहुदींचा ‘गेट’चा मसला

यहुदी म्हटलं की औरंगाबादेत शहागंजच्या हॉटेलात बसलेल्या माणसाला आधी फिलिस्तीनच आठवतो. पण मराठी ही ज्यांची घरची भाषा, असे यहुदी आपल्याच राज्यात, कोकणात, कित्येक शतकं राहत आले आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं केहिमकर, दिवेकर, पेणकर अशी. लग्न लावणाऱ्या आणि तंटे सोडवणाऱ्या त्यांच्या धार्मिक प्रमुखाला ‘काजी’ असंच म्हटलं जाई. याच लोकांवरून १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये यहुदी कायद्याचा एक अवघड मसला उभा राहिला. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

तलमूद आणि हलाखा म्हणजे काय?

यहुदींच्या धार्मिक कायद्याला हलाखा म्हणतात. त्याचा पाया तौरात. तिच्या हुकुमांची तोंडी चालत आलेली मांडणी इसवी सन २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ या नावाने एकत्र झाली. पुढे आजच्या इराकमधल्या मदरशांत तिच्यावर शेकडो वर्षं वाद-चर्चा झाल्या. त्या सगळ्याचा ग्रंथ म्हणजे बाबिलोनी तलमूद. त्यात निकालाइतकंच महत्त्व हुज्जतीला आहे. दोन्ही बाजू तोलूनही उत्तर सापडलं नाही तर तलमूद ‘तेकू’ म्हणतो, म्हणजे प्रश्न तसाच राहू द्या.

गाठ कुठे पडली?

हलाखानुसार तलाकसाठी ‘गेट’ लागतो. गेट म्हणजे त्याच बाईच्या नावाने मुद्दाम लिहिलेला, साक्षीदारांसमोर नवऱ्याने तिच्या हाती दिलेला तलाकनामा. त्याशिवाय ती दुसरीकडे राहायला गेली, दुसरं लग्न झालं, तरी कायद्याने ती पहिल्याचीच बायको. अशा दुसऱ्या लग्नातून झालेल्या मुलाला ‘मामझेर’ म्हणतात. तो सर्वसाधारण यहुदी घरात लग्न करू शकत नाही आणि हा डाग पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

दुसरा प्रश्न भावाच्या विधवेचा. आपल्याकडे इद्दत संपल्यावर दिराशी निकाह जायज आहे. हलाखात मात्र सगळं मूल असण्या-नसण्यावर ठरतं. भावाला मूल असेल तर त्याच्या विधवेशी लग्न सक्त हराम, आणि त्यातून झालेलं मूल मामझेर. भाऊ बेऔलाद वारला असेल तर तेच लग्न दिराचं कर्तव्य. ते करायचं नसेल तर ‘हलित्सा’चा विधी करायचा. त्यात विधवा दिराच्या पायातला जोडा काढते आणि मोकळी होते.

आता आक्षेप असा होता: बेने इस्राएल शतकानुशतकं इतर यहुदींपासून तुटलेले होते. त्यांना गेट आणि हलित्साचे नियम ठाऊक नव्हते. मग त्यांच्या मागच्या पिढ्यांत कुणी तलाकशुदा बाई गेटशिवाय पुन्हा लग्न करून बसली नसेल कशावरून?

उलटी बाजू

याला उत्तरंही हलाखातूनच दिली गेली. एक म्हणजे, बेने इस्राएलमध्ये तलाक जवळपास नव्हताच आणि शेजारच्या हिंदू रिवाजाप्रमाणे विधवाही पुन्हा लग्न करत नसत. तलाकच नाही, तर गेटची चूक कुठून होणार?

दुसरा युक्तिवाद तर चक्रावून टाकणारा आहे. यहुदींमधल्या कराईत पंथाबद्दल हाच वाद पूर्वी झाला होता. सोळाव्या शतकात मिसरमधले मोठे आलिम डेव्हिड इब्न झिम्रा यांनी म्हटलं की कराईतांच्या लग्नाचे साक्षीदारच हलाखाला मान्य नाहीत, म्हणजे लग्नच कायद्याने झालं नाही. जे लग्न झालंच नाही ते मोडायला गेट कशाला? आणि मूल मामझेर कसं? म्हणजे लग्न जितकं कच्चं, तितकं मूल सुरक्षित!

तिसरी गोष्ट शंकेची. तौरातच्या हुकुमात शंका आली तर कडक बाजू घ्या, असा हलाखाचा सर्वसाधारण नियम आहे. पण तलमूद मामझेरच्या बाबतीत सांगतो की तौरातची मनाई पक्क्या मामझेरला आहे, संशयिताला नाही. मूल नवऱ्याचंच धरायचं, हेही तलमूद मानतो. आपल्या फिकहमध्येही मूल नवऱ्याचंच मानलं जातं आणि नुसत्या शंकेने पक्की गोष्ट मोडत नाही.

१९६१ ते १९६४

इस्राएलमध्ये यहुदींचं लग्न आणि तलाक १९५३ च्या कायद्याने धार्मिक न्यायालयांच्या हाती आहे. सिव्हिल मॅरेजची सोय नाही. त्यामुळे रब्बीने ‘नाही’ म्हटलं की तरुण जोडप्यापुढे रस्ताच उरत नव्हता. काही रब्बी बेने इस्राएलची बाहेरच्यांशी लग्नं लावायला नकार देऊ लागले.

१९६१ मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात मुख्य रब्बी मंडळाने अशी लग्नं जायज ठरवली. पण १९६२ मध्ये लग्न नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्राएल अर्जदार आला तर त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागपर्यंत चौकशी करा. परवानगी मिळाली, पण पणजीच्या लग्नाचा पुरावा आणायचा कुठून? कोकणातल्या खेड्यात तो कागद कुणी केलाच नव्हता.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेमला धरणं धरून बसले. बायकापोरंही होती. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी असल्याचं जाहीर केलं. महिनाअखेरीस रब्बी मंडळाने सूचनेतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं. ज्या कुणाबद्दल शंका असेल त्याची चौकशी, मग तो कुठलाही असो, असं नवं कलम आलं.

आपल्यासाठी यात काय?

नियम तोच राहिला. गेट लागतो, हलित्सा लागतो. बदललं ते इतकंच की शंकेचा भार एका जमातीच्या नावावरून उतरला. कायद्याच्या जाणकाराने शंका काढणं हे त्याचं कामच आहे. तलमूदमध्ये नवरा बेपत्ता झालेल्या बाईसाठी दोनऐवजी एकच साक्षीदार चालतो, कारण ती आयुष्यभर अडकून पडू नये. भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्यानेही नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल तर बाईला मोकळं होण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी मालिकी मत घेतलं. दोन्हीकडे जाणकारांनी कायद्याच्या आतूनच वाट काढली.

पण शंका घ्यायची तर ती त्या माणसाबद्दल, त्या घटनेबद्दल हवी. फक्त अमुक जमातीचा आहेस म्हणून पणजीचे कागद आण, हे म्हणणं हलाखातही टिकलं नाही. ज्यांना आपल्या वाडवडिलांचे कागद शोधायची वेळ आली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.