दंतस्वच्छतातज्ज्ञ (शिक्षण)
दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे आणि मुखस्वच्छतेचे मार्गदर्शन करणे हे काम करणारा प्रशिक्षित व्यावसायिक. रूढ नाव डेंटल हायजिनिस्ट. या व्यवसायाची पहिली शाळा डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1913 मध्ये अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे काढली. भारतात दंतवैद्यक अधिनियम, 1948 ने त्याला कायदेशीर ओळख व राज्य नोंदवही दिली. त्या अधिनियमाच्या जागी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रवेशासाठी विज्ञान शाखेतून बारावी. दातांची रचना, सूक्ष्मजीवशास्त्र, हिरड्यांचे रोग, निर्जंतुकीकरण आणि रुग्णांवरील प्रत्यक्ष सराव हे मुख्य विषय. बीडीएस ही दंतवैद्याची पदवी वेगळी.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना दंतशिक्षणासाठी नेरूळची डॉ. डी. वाय. पाटील व तेरणा महाविद्यालये, तसेच मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय (स्थापना 1933) जवळची आहेत. हायजिनिस्टचा वर्ग व त्याची मान्यता प्रवेशापूर्वी तपासावी. हिरड्यांचे अनेक विकार वेळीच केलेल्या स्वच्छतेने टळतात. म्हणून दाट वस्तीच्या या शहरांतील शाळा व दवाखान्यांना अशा प्रशिक्षितांची खरी गरज आहे.