आधी कोणाला टोचायचे?

हावडा–मुंबई लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपता संपता, सालेकसा तालुक्यात दरेकसा हे छोटे स्थानक लागते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी गोंड समाजाचे भाविक अनेक राज्यांतून येथे येतात. फ्लूच्या इतिहासात अशा स्थानकांना महत्त्व आहे. १९१८ साली हा आजार रेल्वेच्याच वाटेने देशभर पसरला.

त्या वर्षी १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर तैनात होता. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट भीषण ठरली. देशातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात, आणि मध्य प्रांत हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याच प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. अनेक डॉक्टर महायुद्धाच्या सेवेत होते. मागे उरलेल्यांपाशी उपयोगी लस नव्हती. रोगाचे मूळ एक जिवाणू आहे, असाच बहुतेकांचा समज होता. खरा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये हाती लागला आणि प्रभावी लस १९४० च्या दशकात तयार झाली, तीही प्रथम अमेरिकी सैन्यासाठी.

लस आधी स्वतःला टोचून घेण्याचे उदाहरण मात्र मुंबईने त्यापूर्वीच पाहिले होते. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातील कैद्यांची पाळी आली. (कैद्याच्या होकाराला संमती म्हणावे का, हा निराळा प्रश्न.) त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता, सावित्रीबाई फुले त्याच रोगाला बळी पडल्या. साथीत पहिला धोका शुश्रूषा करणाऱ्यालाच असतो, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

तरीही २०१० साली काय घडले? स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात घेतला होता. पुढच्या वर्षी परदेशातून आणलेल्या लशीवर पहिला हक्क आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. प्रतिसाद थंड राहिला. जूनमध्ये झायडस कॅडिलाची देशी लस आली, जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची नॅसोव्हॅक. आणि १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीरही केले.

याला निव्वळ बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल. भीती ओसरल्यावर लस आली होती. घाईने बनवलेल्या लशीविषयी शंका होत्या. शिवाय फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. आणि ‘साधे पडसे’ मानल्या गेलेल्या आजारासाठी दरवर्षी सुई टोचून घेणे डॉक्टरांनाही जड जाते.

रुग्णांच्या थेट संपर्कातील कर्मचाऱ्यांनी ही लस घ्यावी, अशी केंद्र सरकारची शिफारस आहे. पण सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून लस त्याआधी घ्यायची. दुसरा जोर जानेवारी ते मार्चमधला, म्हणजे नेमका कचारगडच्या यात्रेच्या सुमारास. उपकेंद्राचा कारभार बहुधा एकाच परिचारिकेवर चालतो. ती तापाने अंथरुणाला खिळली, की जंगलातल्या पाड्यावरच्या गरोदर बाईला तपासणीसाठी थेट सालेकसा गाठावे लागते.